ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता: क्लेमचं स्टेटस हलत नसेल तर आधी कुठे बघायचं

नोकरी गेली, ईएसआयसीच्या (म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत क्लेम टाकला, आणि आता रोज पोर्टल उघडून बघताय तर तेच पेंडिंग, तेच अंडर प्रोसेस. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका युनिटात पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयची चलनं भरायचं काम करते, त्यामुळे कामगाराला जे पान दिसतं त्याच्या मागची, म्हणजे मालकाच्या लॉगिनची बाजू मला रोज दिसते, आणि बहुतेक वेळा अडलेलं असतं ते तिथेच.

म्हणून मुख्य गोष्ट पहिल्यांदा सांगते. क्लेम स्टेटसचं पान सारखं रिफ्रेश करून काही कळत नाही. ते पान एवढंच सांगतं की फाइल शाखा कार्यालयात पडून आहे. का पडून आहे हे कळतं योगदानाच्या पानावर, म्हणजे तुमच्या नावाने दर महिन्याला ईएसआयसीत भरलेल्या पैशांची नोंद, कॉन्ट्रिब्युशन डिटेल्स, जिथे महिन्यावार दिसते तिथे. ते उघडा.

पण त्याआधी एक खात्री करा, की तुम्ही बरोबर साइटवर आहात. हसण्यावारी नेऊ नका, अर्धे लोक पीएफच्या साइटवर जाऊन ईएसआयसीचा क्लेम शोधतात आणि नो रेकॉर्ड आलं की क्लेम गायब झाला म्हणून घाबरतात. पीएफचा यूएएन नंबर बारा आकडी, ईएसआयसीचा विमा नंबर दहा आकडी, दोन्ही ऑफिसं वेगळी, दोन्ही पैसे वेगळे. पीएफचे पैसे मिळाले म्हणजे हा भत्ता मिळाला असं नाही आणि एक अडकला म्हणून दुसरा अडकत नाही. महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर केलेली नोंदणी तर नोकरी शोधण्यासाठी असते, तिचा या भत्त्याशी काही संबंध नाही. विमा नंबर तुमच्या ई-पहचान कार्डावर असतो, बऱ्याच कंपन्यांच्या पगार स्लिपवर पण छापलेला असतो. त्या नंबरने ईएसआयसीच्या अधिकृत साइटवर विमित व्यक्तीच्या लॉगिनमधून जायचं, ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. उमंग ॲपमध्ये पण ईएसआयसीची सेवा आहे, साइट जड झाली असेल तर तिथून बघा. मोबाइल नंबर बदललाय आणि ओटीपी जुन्या सिमवर जातोय असं असेल तर पुढचं काही होणार नाही, आधी शाखा कार्यालयात आधार घेऊन जा आणि नंबर बदलून घ्या.

आता योगदानाचं पान. परवा एक वेल्डर दादा आले होते, वीस ऑगस्टला काम सुटलं, सप्टेंबरच्या एकवीस-बावीसला क्लेम टाकला आणि तेव्हापासून स्टेटस जागचं हललं नाही. म्हणाले, "ताई, सगळे कागद अपलोड केले, आधार दिलं, पासबुक दिलं, आता काय राहिलं?" त्यांच्याच मोबाइलवर पान उघडलं. ऑगस्टच्या ओळीत वीस दिवसांचा पगार बरोबर दिसत होता. सप्टेंबरची ओळ होती, दिवस शून्य, पण नोकरी सुटल्याची नोंदच नव्हती. म्हणजे ईएसआयसीच्या लेखी हा माणूस अजून त्याच कंपनीत नोकरीला आहे, फक्त महिनाभर कामावर आला नाही एवढंच. मग त्याला बेरोजगार म्हणून पैसे कोण देणार?

हे असं का होतं ते मालकाच्या बाजूने सांगते. दर महिन्याचं योगदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ती फाइल भरताना प्रत्येक कामगाराच्या नावापुढे कामाचे दिवस आणि पगार टाकायचा, आणि दिवस शून्य असतील तर कारणाचा कोड टाकायचा. शून्य म्हणजे कारण नाही, एक म्हणजे रजेवर, दोन म्हणजे लेफ्ट सर्व्हिस, दहा म्हणजे रिट्रेंचमेंट (कामगार कपात), अकरा म्हणजे नो वर्क, अशी यादी आहे. दोन किंवा दहा टाकलं की शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख भरावीच लागते आणि पुढच्या महिन्यापासून ते नाव यादीतून जातं. पण घाईत असलेला माणूस, किंवा बाहेरचा कन्सल्टंट ज्याला कोण सुटलं कोण राहिलं हे माहीतही नसतं, तो सरळ कोड शून्य टाकतो, फाइल पास होते, चलन निघतं, त्याचं काम झालं. कामगार मात्र कागदावर नोकरीतच अडकून राहतो.

यातली तारखांची भानगड पण समजून घ्या. ऑगस्टमध्ये तुम्ही थोडे दिवस काम केलंय, म्हणजे ऑगस्टला दिवस शून्य नाहीत, म्हणजे सुटल्याचा कोड तिथे लागत नाही. तो लागतो सप्टेंबरच्या फाइलला, आणि सप्टेंबरची फाइल भरली जाते १५ ऑक्टोबरपर्यंत. इकडे नियमाप्रमाणे नोकरी सुटून तीस दिवस झाले की क्लेम करता येतो, म्हणजे तुम्ही सप्टेंबरअखेर क्लेम टाकून मोकळे, आणि सुटल्याची नोंद व्हायचीय ऑक्टोबरच्या मध्यात. या मधल्या दिवसांत स्टेटस हललं नाही तर त्यात कुणी मुद्दाम अडवलेलं नसतं. तेवढं थांबा. १५ तारीख उलटली, पान परत बघितलं आणि तरीही शेवटची तारीख दिसत नाही, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी जुन्या कंपनीच्या एचआरला किंवा ठेकेदाराच्या ऑफिसला कळवा. फोनवर नुसतं "माझं ईएसआयचं बघा ना" म्हणू नका, त्याने काही होत नाही. लेखी मेसेज किंवा मेल करा, आणि त्यात एवढंच लिहा: माझा विमा नंबर अमुक, शेवटचा कामाचा दिवस अमुक, अमुक महिन्याच्या योगदानात शून्य दिवसांपुढे कारण आणि शेवटची तारीख भरलेली नाही, कृपया भरून कळवा. असा मेसेज आला की चलन भरणाऱ्याला नेमकं काय करायचं ते पाच मिनिटांत कळतं. गोलगोल मेसेज आला की तो बाजूला पडतो, हे मी आतून बघितलेलं आहे.

आता कारणाचं. हा भाग कटू आहे पण सांगायलाच पाहिजे. ही योजना ज्याची नोकरी गेली त्याच्यासाठी आहे. ज्याने स्वतःहून सोडली, जो निवृत्त झाला किंवा ज्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, ज्याला शिस्तभंगाच्या कारवाईत काढलं, बेकायदा ठरलेल्या संपात काम बंद होतं, अशांना ती नाही. आणि कंपन्या काय करतात, माणूस कमी करायचा असला की त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात, "हिशोब लवकर मिळेल" असं सांगून. तो बिचारा सही करून देतो. मग क्लेम आला की शाखा कार्यालय कंपनीकडे पडताळणी करतं आणि कंपनी राजीनाम्याची प्रत पुढे करते. इथे रिजेक्ट झालेले क्लेम मी बघितलेत आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं, कारण माणसाने दर महिन्याला पगारातून पैसे कापून दिलेले असतात. ज्यांची नोकरी अजून जायचीय, म्हणजे कंपनीत कुजबुज सुरू झालीय, त्यांनी हे लक्षात ठेवा: काम नाही म्हणून काढत असतील तर तसं पत्र मागा, नोटीस मागा, राजीनाम्यावर सही करायची घाई करू नका. आधीच सही करून बसला असाल तर ऑर्डर नाहीत म्हणून माणसं कमी करतोय असा कंपनीचा मेसेज, ग्रुपवर आलेली सूचना, एकाच दिवशी किती जणांना काढलं त्याची माहिती, असं जे असेल ते क्लेमसोबत जोडून शाखा व्यवस्थापकांना लेखी सांगा. मान्य होईलच असं नाही, पण न सांगता तर होणारच नाही.

पात्रतेचं पण एकदा तपासा, कारण काही क्लेम अडकलेले नसतातच, मुळात बसतच नसतात. नोकरी जायच्या आधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. योगदानाचे कालखंड सहा-सहा महिन्यांचे असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेरोजगार होण्याच्या लगेच आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांचं योगदान हवं, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालखंडांपैकी एकात पुन्हा किमान ७८ दिवस हवेत. हे दिवस त्याच योगदानाच्या पानावर दिसतात, कागद-पेन घेऊन बेरीज करा. ज्यांचा पगार २१,००० च्या वर गेला आणि ईएसआयसीतून नाव निघालं त्यांचे नंतरचे महिने यात येत नाहीत, हे कॉल सेंटर आणि मॉलमध्ये काम करणाऱ्यांना खूपदा नडतं. बेरोजगार झाल्यापासून एका वर्षाच्या आत क्लेम टाकायचा असतो, पुढच्या तारखांचे पैसे आगाऊ मागता येत नाहीत, आणि आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचे मिळतात. योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली ती दोन वर्षांसाठी होती, नंतर मुदत वाढवत नेली, त्यामुळे क्लेम टाकायच्या दिवशी चालू मुदत शाखेत विचारून घ्या.

किती मिळणार हा प्रश्न पण येतोच. पूर्वी दर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होता, २०२० मध्ये करोनाच्या काळात तो ५० टक्के झाला. सरासरी काढताना चार कालखंडांची सगळी कमाई घेऊन ७३० ने भागतात. समजा पगार १८,००० आणि दोन वर्षं एकही महिना चुकला नाही, तर एकूण ४,३२,००० भागिले ७३०, म्हणजे रोजचे साधारण ५९२, त्याच्या निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे साडेसव्वीस हजारांच्या आसपास. मधले काही महिने योगदान नसेल तरी भागायचं ७३० नेच, म्हणून रक्कम कमी येते. कमी आली म्हणून भांडायला जाण्याआधी हा हिशोब करून बघा, आणि हिशोबापेक्षाही कमी आली असेल तर कागदावर मांडून घेऊन जा.

ठेकेदाराकडच्या मुलांसाठी वेगळं लिहिते. चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, तिकडे गोव्यात वेर्णा, सगळीकडे तेच. मशीन तेच, गेट तेच, पण ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो आणि नवा ठेकेदार जुना विमा नंबर न विचारता नवीन काढतो. दोन वर्षं सलग काम केलेल्या मुलाच्या नावावर दोन-तीन नंबर, आणि प्रत्येकावर थोडे थोडे महिने. क्लेम एका नंबरवर टाकला की सिस्टिमला दिसतं सात-आठ महिन्यांचं योगदान, दोन वर्षं पूर्ण नाहीत. यावर ऑनलाइन काही होत नाही. सगळ्या नंबरांची कार्डं किंवा पगार स्लिपा, आधार, आणि शक्य तर आत-बाहेरच्या हजेरीचा काही पुरावा घेऊन शाखा कार्यालयात जायचं आणि नंबर एकत्र करण्यासाठी लेखी अर्ज द्यायचा, पोच घेऊनच यायचं. क्लेमचा पाठपुरावा त्यानंतर. स्लिपवर ईएसआय कापलेलं दिसतंय पण पानावर तो महिनाच नाही, असं असेल तर मालकाने पैसे भरलेलेच नाहीत, आणि ती तक्रार शाखेऐवजी क्षेत्रीय किंवा उपक्षेत्रीय कार्यालयाकडे करायची, स्लिपेची प्रत लावून. तुमचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के, आणि दोन्ही भरायची जबाबदारी मालकाची.

नाव आणि खातं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कंपनीत भरती करताना कुणी दाखला बघून नोंद केली, आधारवर मात्र नाव आधी आणि आडनाव शेवटी, वडिलांचं नाव नुसतं एका अक्षरात. बायकांचं तर विचारू नका, विमा नंबर माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पासबुक तिसऱ्याच कशाने. तिन्ही एक करा, आणि आधारला प्रमाण धरून बाकीचं बदला, उलटं करायला जाऊ नका, वेळ जातो. विमा नंबरला आधार जोडलेलं आहे का तेही प्रोफाइलमध्ये दिसतं.

खात्याच्या बाबतीत एक खास गोष्ट म्हणजे जुना आयएफएससी. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात. ज्यांची नोंदणी त्याआधीची आहे त्यांच्या प्रोफाइलमध्ये अजून जुना कोड पडून असतो, कारण नंतर कुणी तिकडे बघितलेलंच नसतं. पोर्टलवर क्लेम मंजूर दिसतो, आणि पैसे येत नाहीत किंवा जाऊन परत येतात. पासबुकची पहिली छापील ओळ विश्वासाने कॉपी करू नका, पासबुक जुनं असेल तर ते जुनाच कोड सांगेल. बँकेत जाऊन आजचा आयएफएससी लिहून घ्या आणि नव्या पासबुकची किंवा रद्द केलेल्या चेकची प्रत शाखेत द्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद अवस्थेत जातं, ते केवायसी करून आधी चालू करा. पतसंस्थेचं खातं देऊ नका, बँकेचंच द्या, आणि ते स्वतःच्या नावावरचं, भावाचं किंवा नवऱ्याचं चालणार नाही.

योगदानाचं पान स्वच्छ आहे, शेवटची तारीख दिसते, नाव जुळतंय, खातं बरोबर, आणि तरीही हलत नाही? मग तुमच्या शाखा कार्यालयात जा, आता बऱ्याच ठिकाणी दवाखाना आणि शाखा एकत्र असतात. जाताना सही केलेला एबी-१ फॉर्म (या भत्त्याच्या क्लेमचा अर्ज), आधार, खात्याची प्रत, नोकरी सुटल्याचं जे पत्र असेल ते, आणि योगदानाच्या पानाची प्रिंट. क्लेम करताना कागद अपलोड झाले नसतील तर ही सही केलेली प्रत द्यावीच लागते, आणि कितीतरी क्लेम नुसते एवढ्यासाठी थांबलेले असतात, कारण माणसाला वाटतं सबमिट दाबलं म्हणजे झालं. पूर्वी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० मध्ये काढली. बाहेर बसलेला कुणी एजंट अजूनही स्टॅम्प पेपर विकायला बघत असेल तर घेऊ नका. क्लेम पास करून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला तर जवळही उभं करू नका, ओटीपी कुणालाच सांगू नका. या क्लेमला फी नाही.

काउंटरवर "साहेब, माझं काय झालं" असं विचारलं की उत्तर येतं "प्रोसेसमध्ये आहे". त्याऐवजी विचारा, "माझ्या क्लेमवर कंपनीची पडताळणी आली का, नसेल आली तर पत्र कधी गेलं?" पत्र गेलंच नसेल तर शाखेला जाग येते, गेलं असेल आणि कंपनी गप्प असेल तर तुम्हाला कुठे टोचायचं ते कळतं. टोल फ्री १८००-११-२५२६ वर फोन करून पण क्लेमची चौकशी करता येते. क्षेत्रीय आणि शाखा कार्यालयांत दर महिन्याला सुविधा समागम नावाने तक्रारी ऐकतात, त्याची तारीख शाखेच्या बोर्डावर किंवा विचारून मिळते, तिथे वरचे अधिकारी समोर असतात म्हणून कागद घेऊन जरूर जा.

तेवढ्याने नाही झालं तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका, श्रम व रोजगार मंत्रालय, त्यात कर्मचारी राज्य विमा महामंडळ निवडायचं. मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, पण छोटं लिहा, विमा नंबर आणि क्लेमची तारीख पहिल्या ओळीत. आणि शेवटचं हत्यार माहितीचा अधिकार. ईएसआयसी केंद्राचं आहे म्हणून केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन साइटवर अर्ज जातो, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. "माझा क्लेम का मंजूर केला नाही" असा का-चा प्रश्न घालू नका, त्याला उडवाउडवीचं उत्तर मिळतं. असं मागा: माझ्या क्लेमवर आजपर्यंत झालेली दिनांकवार कार्यवाही, फाइल सध्या कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे आहे ते पदनाम, मालकाला पाठवलेल्या पडताळणी पत्राची प्रत आणि आलेल्या उत्तराची प्रत. आरटीआयचं उत्तर तयार करायला कुणाला तरी ती फाइल बाहेर काढावीच लागते, आणि मी बघितलेल्या बऱ्याच प्रकरणांत उत्तर यायच्या आधी पैसेच आले.

वेल्डर दादांचं सांगायचं तर कंपनीला वरच्यासारखा मेसेज गेला, एचआरने नोंद दुरुस्त करायला घेतली, शाखेत एबी-१ ची सही केलेली प्रत दिलीय, आता पडताळणी व्हायचीय. त्यांना मध्येच नवीन काम लागायची शक्यता आहे म्हणून दोन गोष्टी सांगितल्या त्या इथेही लिहिते. नवीन काम लागलं की त्या तारखेच्या पुढचे दिवस क्लेममध्ये धरू नका, नव्या मालकाचं योगदान सुरू झालं की ते त्याच नंबरवर दिसतं आणि खोटं सांगितल्याचा ठपका येतो, बेरोजगार होतात तेवढ्याच दिवसांचे पैसे मागा. आणि नव्या ठिकाणी जॉइन होताना फॉर्मवर हाच जुना दहा आकडी नंबर लिहा, "आधी ईएसआय होतं का" या रकान्यात हो म्हणा, ते म्हणाले आम्ही नवीन काढतो तरी काढू देऊ नका.